मोठ्या शैक्षणिक डेटावर संख्याशास्त्र शिकवायचं प्रशिक्षण: पाच दिवसांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, कुणीतरी हात वर करतंच. “सर, आमच्या तालुक्यातल्या शाळा एकदम वीसपट कशा काय झाल्या?” शाळा असतात तेवढ्याच. शाळांची फाईल पटाच्या फाईलला जोडताना पटाच्या जितक्या ओळी, तितक्या वेळा प्रत्येक शाळा उगवलेली असते. प्रश्न विचारणारे नवखे नसतात. वीस-वीस वर्षं फळ्यावर प्रमाण विचलन आणि टी-चाचणी शिकवलेली ही मंडळी. सूत्रं त्यांना झोपेतही येतात. घोळ होतो तो क्रमात: आधी सॉफ्टवेअर उघडायचं, मग फाईल शोधायची आणि शेवटी प्रश्न आठवायचा.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत असं प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. पाच पूर्ण दिवस धरा. तीन दिवसांत उरकायचं असेल तर शेवटचे विषय गाळा, सुरुवातीचे नको.

## १. तारखा, माणसं, मशीन

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते डिसेंबरचा मध्य, हा काळ सोयीचा. गणपतीच्या आगेमागे कुणी थांबणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या पावसाळी वेळापत्रकावर असतात, लाईटचा भरवसा नसतो. मंडणगडहून आणि दोडामार्गहून येणाऱ्यांना रोजची ये-जा अशक्य, म्हणून निवासी ठेवा. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत सुटणाऱ्या शंका वर्गात सुटत नाहीत, हा माझा अनुभव.

संख्या वीस ते चोवीस. फक्त संख्याशास्त्राचे प्राध्यापक घेऊ नका. अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य विभागातलेही घ्या आणि जोड्या मिश्र लावा. संख्याशास्त्रवाल्याला चाचणी माहीत असते, पण शाळेचा पट कसा भरला जातो हे बी.एड. कॉलेजच्या मॅडमना जास्त ठाऊक असतं. जमल्यास एखाद्या केंद्रप्रमुखांना किंवा मुख्याध्यापकांना पहिल्या सकाळी तासभर बोलवा. माहिती भरताना कुठे अंदाजाने लिहिलं जातं, हे त्यांच्याइतकं प्रांजळपणे दुसरं कुणी सांगणार नाही.

सगळ्या फाइली, कोडबुकं (कोणत्या रकान्यातल्या कोणत्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणाऱ्या पुस्तिका) आणि ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. नेटवर विसंबलात तर पहिला दिवस चाक फिरताना बघण्यात जाईल.

तपासा: प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या मशीनवर सर्वांत मोठी फाईल स्वतः उघडून बघितली का?

## २. डेटा निवडताना: कोणी, कुठे, कशाची मोजणी केली

पाच स्रोत डोळ्यांसमोर ठेवा आणि शिकवायला त्यांतले दोनच घ्या.

यू-डायस प्लस (केंद्र सरकारची शालेय माहिती प्रणाली, आधीचं नाव यू-डायस) ही शाळांची गणना आहे, पाहणी नव्हे. देशातल्या साडेचौदा लाखांहून अधिक शाळा तीत येतात. असर ही ग्रामीण भागातली घरोघरची पाहणी आहे. तिच्यात जिल्ह्यातून ३० गावं आणि प्रत्येक गावातून २० घरं घेतात. वाचनाची पायरी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढत जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी (जुलै २०१७ ते जून २०१८) शिक्षणावरच्या खर्चाची आहे. तिच्यात १ लाख १३ हजारांवर कुटुंबं होती. उच्च शिक्षणासाठी ऐशे (अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण) आहे, २०१०-११ पासून. शाळेत घेतलेल्या संपादणूक चाचण्यांसाठी नॅस (राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण). १२ नोव्हेंबर २०२१ ला ती तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची झाली होती.

माझी शिफारस: यू-डायस प्लस आणि ७५वी फेरी. एक गणना, एक नमुना. एकीत शाळा मोजली आहे, दुसरीत कुटुंब. संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमातला जवळजवळ प्रत्येक विषय या दोन फाइलींच्या फरकातून शिकवता येतो.

पहिल्या दिवशी प्रत्येक जोडीकडून एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: मोजणारा कोण, एकक काय, तारीख कोणती, कोण सुटलं. तारखेची ओळ सगळे घाईत लिहितात. तिथे थांबवा. यू-डायसची माहिती वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरच्या संदर्भाने गोळा होत आली. रायगडातली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात ती साधारण दिवाळीनंतर. म्हणजे सप्टेंबरच्या पटावर मूल आहे, जानेवारीत वर्गात नाही, आणि तुमच्या फाईलमध्ये तो जानेवारी कधी येतच नाही. संख्याशास्त्रातली कुठलीही सुधारणा हा दोष दूर करू शकत नाही. तो फक्त माहीत असू शकतो.

इशारा: २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाते. त्या वर्षाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेत जोडून “पट घसरला” असा आलेख काढू देऊ नका. दुहेरी नोंदी गळाल्या की पट कागदावर आपोआप कमी होतो.

## ३. कोरा तक्ता, पेन्सिलीने

कॉम्प्युटर अजून बंद. प्रत्येक जोडीने एकच प्रश्न लिहायचा आणि त्याचं उत्तर ज्या तक्त्यात बसेल तो रिकामा तक्ता आखायचा: उभे रकाने कोणते, आडव्या ओळी कोणत्या, चौकटीत टक्के येणार की संख्या, आणि टक्के असतील तर छेदस्थानी कोण.

छेद लिहायला लावल्यावर खोली शांत होते. “रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलींच्या गळतीचं प्रमाण” हा प्रश्न बहुतेक जण घेतात. छेदात कोण? गेल्या वर्षी आठवीत असलेल्या मुली. मग त्यांतली जी आईवडिलांबरोबर मुंबईला, विरारला किंवा पनवेलला गेली आणि तिथे नववीत बसली, ती गळती का? चाकरमान्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न टाळून गळती मोजता येत नाही. वर्षानुवर्षाचे एकत्रित आकडे वजा केले तर स्थलांतर आणि गळती एकाच टोपलीत पडतात.

दुसरी खास आपल्याकडची गोची चौथी-पाचवीची. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा अनेक ठिकाणी चौथीपर्यंत, पाचवी पुढच्या गावच्या हायस्कुलात. शाळानिहाय फाईल घेऊन चौथीचा पट आणि पुढच्या वर्षीचा पाचवीचा पट वजा केला, की शंभर टक्के गळती! पोरं एसटीने दोन किलोमीटरवर गेलेली असतात. हे उत्तर तालुका पातळीवर काढायचं, शाळेच्या पातळीवर नाही. हे कोरा तक्ता आखतानाच कळतं. कळलं नाही तर तिसऱ्या दिवशी रात्री कळतं.

इशारा: लोकसंख्येचा छेद २०११ च्या जनगणनेतून घ्याल तेव्हा जिल्ह्यांच्या हद्दी बघा. त्या जनगणनेत पालघर जिल्हा नाही; तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. आजच्या ठाण्याचा पट आणि २०११ च्या ठाण्याची लोकसंख्या यांचा भागाकार म्हणजे निव्वळ बाष्कळपणा.

## ४. कोडबुक मोठ्याने वाचणं

हो, मोठ्याने. एक वाचतो, दुसरा टिपतो. दीड तास द्या. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

यात तीन गोष्टी पकडायच्या. पहिली, होय-नाहीचे रकाने. यू-डायसच्या अनेक रकान्यांत १ म्हणजे ‘आहे’ आणि २ म्हणजे ‘नाही’. हे न वाचता सहसंबंध काढला की सुविधा जितक्या जास्त तितका पट कमी असं उलटं चिन्ह येतं आणि त्यावर पानभर विवेचनही लिहून होतं. दुसरी, शाळेचा प्रकार आणि व्यवस्थापन यांचे क्रमांक. ही नावं आहेत, संख्या नव्हेत. एकदा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ‘सरासरी व्यवस्थापन ३.४’ असं छापून आणलं होतं. मी काही बोललो नाही, त्यांच्याच जोडीदारीणबाईंनी विचारलं, “सर, हे साडेतीन म्हणजे अर्धी अनुदानित का?” तिसरी, रिकामी जागा. रिकामं, शून्य आणि ‘लागू नाही’साठी दिलेला आकडा हे तीन वेगळे अर्थ. चौथीपर्यंतच्या शाळेत दहावीचा पट शून्य नसतो, तो प्रश्नच त्या शाळेला लागू नसतो.

यू-डायस क्रमांकाची रचनाही इथेच सांगा. एकूण ११ अंक: २ राज्याचे (महाराष्ट्र २७), २ जिल्ह्याचे, २ गटाचे, ३ गाव वा प्रभागाचे, शेवटचे २ शाळेचे. संशोधनासाठी मिळणाऱ्या फाइलींत खऱ्या क्रमांकाऐवजी बदली क्रमांकही असू शकतो. मग ही तोडणी चालत नाही, जिल्हा-तालुक्याचे रकानेच वापरायचे.

तपासा: क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून उघडला का? अरुंद रकान्यात एक्सेल तो २.७३ई+१० असा दाखवतं, आणि तशीच फाईल सीएसव्हीमध्ये जतन केली की पुढचे अंक कायमचे गेले. गट क्रमांक ‘०२’ चा ‘२’ झाला तरी जोडणी फसते.

## ५. फाईल उघडणं आणि जोडणं

आता मशीन सुरू करा. पहिली आज्ञा: ओळी मोजा. पूर्ण देशाची शाळांची फाईल एक्सेलमध्ये उघडली तर ती तिथे मावतच नाही, कारण एका पानात १०,४८,५७६ च ओळी असतात. फाईल पूर्ण उघडली नाही अशी सूचना येते आणि सगळे ‘ओके’ दाबून पुढे जातात. म्हणून देशाची फाईल ‘आर’मध्ये उघडा, तीन जिल्हे वेगळे काढा आणि तेवढेच वर्गात वापरा.

जोडणीचा क्रम असा ठेवा.

एक: प्रत्येक फाईलमध्ये एका शाळेच्या किती ओळी आहेत ते बघा. शाळेची ओळख आणि सुविधा यांत एक, पटाच्या फाईलमध्ये अनेक.

दोन: पटाच्या फाईलमधल्या ओळी आधी एकत्र करून शाळेमागे एक ओळ करा. इथे सापळा आहे. एकच मूल जातप्रवर्गाच्या ओळीत मोजलेलं असतं, वयाच्या ओळीतही मोजलेलं असतं. सगळ्या ओळींची बेरीज केली तर पट कितीतरी फुगतो. एकच वर्गवारी निवडा, तिचीच बेरीज घ्या.

तीन: मग जोडा आणि लगेच पुन्हा ओळी मोजा. जोडणीनंतर शाळा वाढल्या तर मागे फिरा. कमी झाल्या तर न जुळलेल्यांची यादी काढून वाचा. कुणाचा क्रमांक बिघडला ते त्या यादीत दिसतं.

इशारा: दहाच्या आत पट असलेल्या वाडीवरच्या शाळेत ‘सहावीतली, अमुक प्रवर्गातली, दिव्यांग मुलगी – १’ अशी चौकट छापली तर गावाला ती मुलगी कोण हे लगेच कळतं. नाव नसलं म्हणून ओळख लपत नाही. पाचपेक्षा कमी आकड्याच्या चौकटी तक्त्यातून वगळायचा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

## ६. सरासरी: तीन उत्तरं, तिन्ही बरोबर

या टप्प्याला संपूर्ण दिवस द्या. चाचण्यांना दिला नाही तरी चालेल.

फळ्यावर तीन शाळा लिहा. आकडे शिकवण्यापुरते बनवलेले: पहिलीत १२० विद्यार्थी, ४ शिक्षक, दुसरीत ८ विद्यार्थी, २ शिक्षक, तिसरीत ५ विद्यार्थी, १ शिक्षक. विचारा, एका शिक्षकामागे सरासरी किती विद्यार्थी?

शाळांच्या गुणोत्तरांची सरासरी: ३०, ४ आणि ५, म्हणजे १३. एकूण विद्यार्थी भागिले एकूण शिक्षक: १३३ भागिले ७, म्हणजे १९. आणि एखाद्या मुलाला उचलून विचारलं की तुझ्या शाळेत शिक्षकामागे किती जण, तर विद्यार्थ्यांच्या संख्येने भारित सरासरी येते २७.५.

खोलीत वाद होऊ द्या. शिक्षक नेमणाऱ्याला १९ हवे असतात, शाळांची पाहणी करणाऱ्याला १३, पालकाला २७.५. कोकणात लहान शाळा इतक्या आहेत की हा फरक इथे ठळक दिसतो. मोठ्या शहराच्या फाईलमध्ये तो विरघळून जातो. आपल्या जिल्ह्याचा डेटा शिकवायला उत्तम आहे तो याचमुळे.

त्यानंतर लगेच छोट्या शाळांचा दुसरा धडा. प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता ०.७ धरा, सगळ्या शाळांत तीच. पाच मुलांच्या शाळेत पाचही पास होण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१७. सहांतली एक शाळा निव्वळ योगायोगाने शंभर टक्के निकाल लावणार. पन्नास मुलांच्या शाळेत ते जवळपास अशक्य. तेव्हा ‘तालुक्यातल्या पहिल्या दहा शाळा’ अशी यादी काढली की ती छोट्या शाळांनी भरते, आणि शेवटच्या दहांची काढली तरी छोट्याच. प्राध्यापकांना हे सूत्रातून माहीत असतं. स्वतःच्या तालुक्याच्या फाईलमध्ये दोन्ही याद्यांत वाड्यांची नावं दिसली की ते गप्प होतात. मग पटसंख्या आडव्या अक्षावर आणि निकाल उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढायला लावा. डावीकडे रुंद, उजवीकडे निमुळता, मासेमारीच्या पागेसारखा पसरलेला. हा आलेख प्रत्येकाने स्वतः काढायचा. तयार चित्र दाखवू नका.

तपासा: प्रत्येक जोडीच्या तक्त्याखाली ‘सरासरी कशाची, भार कशाचा’ ही ओळ आहे का?

## ७. नमुना, भार आणि गुच्छ

आता ७५वी फेरी काढा. कच्ची फाईल म्हणजे आकड्यांची सलग माळ. कोणत्या स्थानापासून कोणता रकाना ते सोबतच्या मांडणी-तक्त्यात. हे काम शिकवणाऱ्याने आदल्या रात्री करून ठेवावं, प्रशिक्षणार्थींचा अर्धा दिवस त्यात घालवू नये.

नियम एकच: छापील अहवालातला एक आकडा हुबेहूब जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. मी सात वर्षांवरील साक्षरतेचा घेतो. अहवालात तो ७७.७ टक्के आहे. भार (नमुन्यातलं एक कुटुंब प्रत्यक्षातल्या किती कुटुंबांच्या वतीने आहे तो आकडा) न लावता काढला तर वेगळा येतो, आणि का वेगळा येतो यावरच्या चर्चेत नमुना-निवडीचा अर्धा अभ्यासक्रम उरकतो. भाराचा रकाना तसाच वापरायचा नसतो. त्याला कशाने भागायचं ते फाईलसोबतच्या टिपणात दिलेलं असतं, उप-नमुन्यांप्रमाणे. ते टिपण न वाचल्यामुळे कुणाच्या तरी फाईलमध्ये भारताची लोकसंख्या शेकडो अब्ज होते.

गुच्छाचा, म्हणजे एकाच गावातून एकगठ्ठा घेतलेल्या घरांचा, मुद्दा असरच्या रचनेवरून समजावा. जिल्ह्यात ६०० घरं, पण ३० गावांतून. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात: तीच शाळा, तेच शिक्षक, तोच बाजार. सोयीसाठी घरटी एक मूल आणि गावातलं साधर्म्य ०.२ धरलं, तर रचना-परिणाम (साध्या यादृच्छिक नमुन्याच्या तुलनेत विचरण किती पट वाढतं ते) १ + १९ × ०.२, म्हणजे ४.८. सहाशे मुलांची किंमत साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या १२५ मुलांइतकी. हा आकडा फळ्यावर आला की ‘मोठा नमुना’ या शब्दाचा दरारा कमी होतो.

इशारा: ७५व्या फेरीतून सिंधुदुर्गाचा आकडा काढायला निघालेल्या जोडीला थांबवा. त्या फेरीची आखणी राज्यपातळीच्या अंदाजासाठी होती. एका जिल्ह्यात मोजकी कुटुंबं येतात. आकडा निघेल, पण त्याच्या त्रुटीची पट्टी (खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ती मर्यादा) काढून दाखवा, म्हणजे तो कुठे छापायचा मोह राहणार नाही.

## ८. सार्थकता चाचणी, शेवटी आणि थोडीच

दोनच गोष्टी. यू-डायस ही गणना आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सगळ्या शाळा हातात असताना दोन जिल्ह्यांतला फरक ‘सार्थ’ आहे का, म्हणजे निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने आलेला नाही ना, हे नमुन्याच्या चाचणीने विचारण्यात अर्थ नसतो. फरक आहे तेवढा आहे. आणि मोठ्या नमुन्यात सगळंच सार्थ ठरतं: प्रत्येकी एक लाख मुलांचे दोन गट, प्रमाण विचलन १५ गुण, फरक फक्त ०.३ गुणांचा, तरी झेड (फरक त्याच्या प्रमाण-त्रुटीच्या किती पट ते) ४.४७ येतो. पी-मूल्य बघून टाळ्या वाजवण्याआधी ०.३ गुण म्हणजे वर्गात काय, हे विचारायला लावा.

## ९. पाठ घ्यायला लावणं

पाचव्या दिवशी प्रत्येक जोडीने पन्नास मिनिटांचा एक पाठ घ्यायचा, बाकीचे एस.वाय.ची मुलं बनतात. बी.एड.वाल्यांना सूक्ष्मअध्यापनाची सवय असते, इतरांना लाज वाटते. पहिला पाठ बी.एड.वाल्यांनाच द्या. पाठात एक प्रश्न, एक कोरा तक्ता, दोनशे ओळींपेक्षा मोठी नसलेली एक फाईल आणि मुलं हमखास करतील अशी एक चूक मुद्दाम ठेवलेली. चूक नसलेला पाठ परत करा. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बोट दाखवत ‘इथे क्लिक करा’ म्हणण्यात दहा मिनिटांहून जास्त गेली तर घंटा वाजवा.

पाठाची फाईल, कोडबुकची संबंधित पानं आणि मुलांना द्यायचा कागद, तिन्ही एका फोल्डरमध्ये घेऊन जाऊ द्या. दीड महिन्याने प्रत्येकाला फोन करून एवढंच विचारा: तो पाठ वर्गात घेतला का, आणि मुद्दाम ठेवलेल्या चुकीशिवाय मुलांनी दुसरी कोणती चूक केली? त्या दुसऱ्या चुकांची वही ठेवा. पुढच्या बॅचच्या पहिल्या सकाळी मी तीच उघडतो.